एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट: स्टुडिओतले मासे कशानं मरत होते, ते या सात बाटल्यांनी सांगितलं

सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. ३१ वर्षं झाली. दारातून आत आलं की डाव्या हाताला गिऱ्हाइकांचं बाकडं आणि बाकड्यासमोर दोन फुटी फिश टँक. तो ठेवला लहान मुलांसाठी. शाळेच्या फॉर्मला, पासपोर्टला फोटो काढायला पोरं येतात आणि आतल्या दिव्यांच्या छत्र्या बघितल्या की आईचा पदर सोडत नाहीत. पाच मिनिटं मासे बघत बसली की आपोआप निवळतात. मग स्टुलावर बसवलं तरी रडत नाहीत, सरळ कॅमेऱ्याकडं बघतात.

दसऱ्याला टँक आणला आणि संक्रांतीपर्यंत त्यात २१ मासे मेले.

एपीआय कंपनीची ही पाणी तपासायची किट मी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ऑनलाइन मागवली. आता श्रावण चाललाय, म्हणजे सात महिने वापरून लिहितोय. त्याआधी काय काय करून बसलो होतो ते सांगितल्याशिवाय किटची किंमत कळणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

टँक २४ बाय १२ बाय १२ इंचांचा. काठोकाठ भरला तर ५६ लिटर, पण खडे धरून आणि वर दोन इंच मोकळं सोडून प्रत्यक्षात ४५ लिटर पाणी बसतं. दुकानदारानं सांगितलं, पाणी भरा, क्लोरीन मारणारं निळं औषध टाका, तासाभरानं मासे सोडा. तसंच केलं. पहिल्या खेपेला सहा गोल्डफिश आणले. बारा दिवसांत चार गेले. परत सहा आणले. असे चार खेपांना मिळून २४ मासे आणले, त्यातले तीन उरले.

दर वेळी दुकानदाराचं उत्तर वेगळं. एकदा म्हणाला थंडीमुळं, हीटर घ्या. एकदा म्हणाला बुरशी लागली, मिथिलीन ब्लू टाका. एकदा पाणी पिवळं करणारी बाटली दिली. एकदा म्हणाला हवा कमी पडतेय, मोठी मोटर लावा. मी सगळं घेतलं. खडे मीठसुद्धा टाकून झालं. मासे तसेच मरायचे. आधी वर येऊन तोंड उघडझाप करायचे, मग पंख अंगाशी मिटून खालच्या कोपऱ्यात बसायचे, आणि सकाळी शटर वर केलं की एखादा आडवा. एका शनिवारी चार-पाच वर्षांच्या एका मुलीनं बाकड्यावरनं मला विचारलं, "काका, तो झोपलाय का?" मी हो म्हणालो आणि तिला आत नेलं. ते खोटं बोललेलं अजून मनात आहे. त्या दिवसापासून हा प्रश्न नुसता पैशांचा राहिला नाही.

माझ्याकडं कामाला असलेल्या पोरानं एक चांगली गोष्ट केली होती. मासा मेला की तो डिलिव्हरीच्या वहीत मागच्या पानावर तारीख लिहायचा. संक्रांतीच्या सुमारास ते पान मी नीट वाचलं. स्टुडिओ मंगळवारी बंद असतो आणि मंगळवारीच मी टँक धुवायचो. २१ पैकी १६ मासे शुक्रवारी नाहीतर शनिवारी मेले होते. धुतल्यावर तीन-चार दिवसांनी. म्हणजे जे काही होतं ते माझ्या धुण्याशीच बांधलेलं होतं. पण धुतलेल्या, लख्ख पाण्यात मासे का मरावेत, हे कळत नव्हतं.

आणि मी धूतही कसं होतो ते सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे लोक असंच करत असतील. मासे बादलीत काढायचे. सगळं पाणी सोडून द्यायचं. खडे टोपल्यात घेऊन तांदूळ धुतात तसे पाणी नितळ येईस्तोवर धुवायचे. फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पिळायचा. त्यातनं तपकिरी गाळ निघायचा, तो पूर्ण जाऊन स्पंज नवाकोरा दिसेपर्यंत पिळायचो. काच आतून घासायची. नळाचं ताजं पाणी, त्यात निळे थेंब, आणि मासे परत आत. माझी बायको बघून म्हणायची, देवघरसुद्धा एवढं घासत नाही कुणी.

किटच्या आधी मी टेस्टच्या पट्ट्याही आणल्या होत्या. पट्टी पाण्यात बुडवायची आणि तिच्यावरच्या चौकोनांचे रंग डबीवरच्या रंगांशी ताडायचे. नायट्राइट, नायट्रेट, पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा), कडकपणा, अल्कलिनिटी, क्लोरीन असे सहा चौकोन होते. मासा मेला त्या दिवशीसुद्धा पट्टीनं सगळं ठीक दाखवलं. मी पट्टीवर विश्वास ठेवून आजार शोधत बसलो. त्या पट्टीवर अमोनियाचा चौकोनच नव्हता, हे माझ्या लक्षात यायला दीड महिना गेला. पट्ट्या घेणार असाल तर डबीवर आधी तो एक शब्द शोधा.

आता किट. मला ३,४०० रुपयांना पडली. खोक्यात सात बाटल्या, टोपणाच्या चार काचेच्या नळ्या, रंगांचं कार्ड आणि माहितीपत्रक. बाटल्या अशा: पीएचची एक, जास्त पीएचसाठी वेगळी एक, अमोनियाच्या दोन, नायट्राइटची एक, नायट्रेटच्या दोन. नळीवर ५ मिलीची रेघ आहे, तिथपर्यंत टँकचं पाणी घ्यायचं. अमोनियाला पहिल्या बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ थेंब, पाच सेकंद जोरात हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं.

मी १९९० च्या दशकात डार्करूममध्ये काम शिकलो. घड्याळ लावून, थेंब मोजून, ट्रेमधल्या कागदावर चित्र उमटायची वाट बघण्यात माझी उमेदीची निम्मी वर्षं गेली. फोटो मोठा करायचं यंत्र, एन्लार्जर, २०१९ च्या पुरात पाण्याखाली गेला, तेव्हापासून तसं काही हाताखाली नव्हतं. त्या दिवशी काउंटरवर नळी उभी करून घड्याळ लावलं तेव्हा हाताला सगळं ओळखीचं वाटलं. पहिल्या आठ थेंबांनी फारसं काही दिसलं नाही. दुसऱ्या बाटलीचे थेंब पडून हलवल्यावर फिकट पिवळं झालं. मिनिटभरात त्या पिवळ्यात कडेनं पोपटी चढायला लागला. तीन मिनिटांनी कच्च्या कैरीचा रंग. पाचव्या मिनिटाला तुळशीच्या पानासारखा गडद हिरवा. कार्डावर पिवळं म्हणजे शून्य. माझा हिरवा ४.० शी, म्हणजे लिटरमागं चार मिलिग्रॅमशी, जुळत होता. तो शुक्रवार होता. टँक मंगळवारी धुतला होता आणि पाणी समोरची भिंत दिसेल इतकं स्वच्छ होतं.

बाकीचे आकडे असे आले. पीएच जास्तच्या बाटलीवर ८.२. नायट्राइट शून्य. नायट्रेट ५. मला वाटलं, चला, एक तरी आकडा बिघडलेला सापडला, बाकीचे दोन तर चांगलेच आहेत.

ते चांगले नव्हते हे मला एका सरांनी सांगितलं. ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवतात, माझे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या घरीही मासे आहेत. वही दाखवली तर त्यांनी आधी विचारलं, "नळाच्या पाण्यात नायट्रेट किती आहे?" ते मी तपासलंच नव्हतं. तिथंच काउंटरवर तपासलं. नळाच्या पाण्यातही ५. अमोनिया शून्य. सर म्हणाले, "म्हणजे तुमच्या टँकमध्ये तीन महिन्यांत नायट्रेट अजिबात तयार झालेलं नाही. मासे रोज अमोनिया सोडतायत आणि तो खाणारं तिथं कुणी नाही."

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहितो. मासा अमोनिया बाहेर टाकतो, त्यातला बराचसा कल्ल्यांतूनच. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजूनही तोच होतो. टँकमध्ये एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना बरंच सोसतं, ते पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते चिकटून राहतात, स्पंजवर, खड्यांवर, काचेवर. त्यांची वाढ सावकाश होते, पुरेशी वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दर मंगळवारी ती वस्ती धुऊन टाकत होतो. खडे धुवायचो, स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली पिळायचो. स्पंजमधला जो तपकिरी गाळ मी घाण समजून घालवत होतो, त्यातच ते जिवाणू होते. वर मिथिलीन ब्लू टाकत होतो, तेही या जिवाणूंना मारतं.

पीएचचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण तो आपल्याकडच्या पाण्याचा आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप माशाला फारसं बाधत नाही, दुसरं कल्ल्यांतून सरळ आत शिरतं. पीएच एकानं वाढला की त्या वाईट रूपाचं प्रमाण जवळपास दहा पट होतं. पाणी गरम असलं तर आणखी वाढतं. किट दोन्ही रूपांची बेरीज दाखवते. म्हणून ७ पीएचच्या पाण्यातलं एक आणि माझ्या ८.२ च्या पाण्यातलं एक यांत जमीन-अस्मानाचा फरक. आमच्या नळाचं पाणी ताजं तपासलं तर ७.६ येतं, तेच बादलीत रात्रभर ठेवून तपासलं तर ८.२. पाण्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर चढतो. आणि थंडीवर उपाय म्हणून आणलेल्या हीटरनं मी त्याच पाण्याला ऊब देत होतो.

पुढचे ३४ दिवस आम्ही काय केलं ते सगळं वहीत आहे. उरलेले तीन गोल्डफिश त्याच टँकमध्ये होते, दुसरीकडं हलवायला जागा नव्हती. त्याच संध्याकाळी निम्मं पाणी बदललं. मग पहिले नऊ दिवस रोज एक बादली, म्हणजे १५ लिटर. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. स्पंजला हात नाही, खड्यांना हात नाही. अमोनिया एकच्या खाली राहिला पण शून्यावर येत नव्हता. नवव्या दिवशी सर त्यांच्या घरच्या फिल्टरमधला स्पंजचा तळहाताएवढा तुकडा ओल्या पिशवीत घालून घेऊन आले. काळपट तपकिरी, हाताला बुळबुळीत. तो तसाच आमच्या फिल्टरमध्ये कोंबला. बाजारात जिवाणूंच्या बाटल्याही मिळतात, पण चालू टँकमधला स्पंज मिळत असेल तर त्यापुढं मी बाटली घेणार नाही.

बाराव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत पहिल्यांदा रंग बदलला. या चाचणीला पाच थेंब, पाच मिनिटं. शून्याला फिकट निळा राहतो, नायट्राइट असलं की जांभळा होतो. त्या दिवशी ०.५, सोळाव्या दिवशी २.० आणि एकोणिसाव्या दिवशी अमोनिया पहिल्यांदा पूर्ण पिवळा. तिघांतला एक याच दिवसांत गेला, सतराव्या दिवशी. सर त्या दिवशी आले होते. त्यांनी मेलेला मासा वर्तमानपत्रावर घेतला आणि चिमट्यानं कल्ल्याचं झाकण उचलून मला दाखवलं. आत लालबुंद असायला हवं. ते विटकरीही नव्हतं, जुन्या सेपिया प्रिंटसारखं तपकिरी होतं. नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताचा रंग असा होतो, ते प्राणवायू वाहू शकत नाही, आणि मासा भरपूर हवा सोडलेल्या पाण्यात गुदमरतो. ३१ वर्षं मी सेपियाचा टोन काढून विकलाय. तो रंग असा बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मीठ इथं कामाला आलं. दसऱ्यापासून मी ते अंदाजानं आणि नको त्या वेळी टाकत होतो. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आयोडीन नसलेलं खडे मीठ ४५ ग्रॅम, म्हणजे लिटरला एक ग्रॅम, बादलीत विरघळवून हळूहळू टाकलं. जेवढं पाणी बदलायचं तेवढ्यापुरतं मीठ परत टाकायचं. उरलेले दोघं तगले. चौतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. तो दिवस कामावरच्या पोरानं वहीत लाल पेनानं लिहिलाय.

आता किटविषयी कामाच्या गोष्टी, फोटोवाल्याच्या नजरेतून.

रंग दिवसाच्या उजेडात बघा. दारात या, उन्हात नको, सावलीत उभे राहा. कार्डाचा पांढरा भाग नळीच्या पाठीमागं धरा आणि नळी कार्डाला टेकवा. अमोनियाचं शून्य पिवळं आणि ०.२५ पिवळट पोपटी, हा फरक नाजूक आहे. स्टुडिओत मोजमापासाठी माझ्याकडं नीट रंगाचे दिवे आहेत, घरात तसे नसतात. पिवळ्या एलईडीखाली शून्यसुद्धा मला संशयास्पद वाटायचं आणि ट्यूबलाइटखाली पिवळं हिरव्याकडं झुकायचं. नळीचा मोबाइलवर फोटो काढून कुणाला पाठवून रंग विचारू नका. मोबाइल प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा समतोल स्वतः बदलतो, त्यामुळं समोरच्याला भलताच हिरवा दिसतो. पाठवायचाच असेल तर नळी आणि कार्ड एकाच फोटोत घ्या, म्हणजे दोन्ही एकाच उजेडात राहतील. शंका आली की दुसऱ्या नळीत बिसलरीचं पाणी घेऊन तीच चाचणी करायची आणि दोन नळ्या शेजारी धरायच्या. यानं माझी बरीच शंका मिटली.

नायट्रेटची चाचणी चुकायला सर्वात सोपी. पहिल्या बाटलीचे दहा थेंब टाकून नळी उलटसुलट करायची, मग दुसरी बाटली तीस सेकंद जोरजोरात हलवायची आणि मगच तिचे दहा थेंब. नंतर नळी पूर्ण मिनिटभर हलवायची. दुसऱ्या बाटलीतला ऐवज तळाला बसतो, ती हलवली नाही तर आकडा खोटा आणि कमी येतो. एप्रिलमध्ये पोरानं घाईत न हलवता चाचणी केली, १० आले. मला ते पटेना, कारण पाणी दोन आठवडे बदललं नव्हतं. बाटली काउंटरवर आपटून, नीट हलवून परत केली तर नळी चक्क केशरी-लाल झाली, ४०. मी तर आता तीस सेकंदांऐवजी मिनिटभर हलवतो.

थेंब टाकताना बाटली सरळ उभी उलटी धरा. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. नळ्या वापरल्यावर लगेच धुवा, आणि चाचणीआधी टँकच्याच पाण्यानं विसळून घ्या. टोपण न लावता अंगठ्यानं नळी बंद करून हलवू नका. ही रसायनं कातडी आणि डोळ्यांना वाईट आहेत आणि अंगठ्याच्या घामानं आकडाही बिघडतो. चाचणीचं पाणी टँकमध्ये परत ओतायचं नाही, मोरीत टाकून वरून भरपूर पाणी सोडायचं. बाटल्या मी कपाटात कुलपात ठेवतो. स्टुडिओत लहान मुलं येतात.

किटमध्ये काय नाही तेही माहीत असू द्या. पाण्याचा कडकपणा आणि अल्कलिनिटी यात मोजता येत नाही, त्यांची किट वेगळी मिळते. क्लोरीनही मोजता येत नाही. माहितीपत्रक मराठीत नाही. मी प्रत्येक चाचणीचे थेंब आणि मिनिटं मराठीत एका कागदावर लिहून, लॅमिनेट करून खोक्यात ठेवलीत. पहिल्यांदा चारही चाचण्या करायला मला पाऊण तास लागला होता, आता पंधरा मिनिटं लागतात.

क्लोरीनवरून एक आठवलं, ते लिहितो कारण यात कुणाचा तरी घात होऊ शकतो. दुकानातलं निळं क्लोरीनमारक औषध म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेटच असतं, वरून रंग घातलेला. फोटोवाले ज्याला हायपो म्हणायचे ते हेच. माझ्याकडं हायपोच्या स्फटिकांची बरणी होती. पाण्यात लिटरमागं एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १५ लिटरच्या बादलीला हायपो लागतो जेमतेम एक दशांश ग्रॅम. पण कुणाकडं जुना रॅपिड फिक्सर पडून असेल तर तो हायपोच समजून टँकमध्ये टाकू नका. रॅपिड फिक्सर अमोनियम थायोसल्फेटचा असतो, वर त्यात आम्ल असतं. ज्या अमोनियासाठी आपण एवढा खटाटोप करतोय तोच बाटलीनं ओतल्यासारखं होईल. धंद्यातले माझे दोन जुने मित्र हे करायच्या बेतात होते, म्हणून सांगतोय. आणि निळं औषध टँकमध्ये टाकलं म्हणून स्पंज नळाखाली धुतलेला चालत नाही. स्पंज टँकमधनं काढलेल्या पाण्यातच बुडवून, हलका दाबून परत लावायचा. मी महिन्यातनं एकदा तेवढंच करतो.

पैशाचं म्हणाल तर माझा हिशेब असा आहे. मासे, औषधं, हीटर, पट्ट्या, मोठी मोटर मिळून तीन महिन्यांत ३,७०० रुपये गेले होते. तेवढ्यात किट येऊन दोन-तीनशे रुपये उरले असते आणि बहुतेक मासे जगले असते. एकदम एवढे पैसे घालायचे नसतील तर नुसती अमोनियाची वेगळी किट घ्या. नवीन टँकवाल्याला पहिल्या महिन्यात तीच सगळ्यात जास्त लागते. एकापेक्षा जास्त घरांत मिळून एक किट घेतली तरी चालते, खोक्यावर कंपनी ८०० पेक्षा जास्त चाचण्या होतात असं लिहिते. आमच्या गल्लीत आता तीन टँकचं पाणी माझ्या काउंटरवर येतं, कुणी जॅमच्या बाटलीत आणतं, कुणी औषधाच्या. बाटली आधी गरम पाण्यानं, साबण न लावता धुतलेली असली पाहिजे एवढीच माझी अट.

गोल्डफिशला दोन फुटी टँक लहान पडतो, हेही मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तो खातो खूप, घाण करतो खूप, आणि मोठा होतो. उरलेले दोघं मी मे महिन्यात सरांच्या अंगणातल्या हौदात सोडले. अजून आहेत, जाऊन बघून येतो. आमच्या कडक, ८.२ पीएचच्या पाण्याला मॉली चांगल्या मानवतात असं कळलं, म्हणून स्टुडिओत आता सात मॉली आहेत. पाणी आठवड्याला एकच बादली बदलतो, मंगळवारीच. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं की नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, त्या दिवसांत बादलीत पाणी काढून, हायपो टाकून, रात्रभर ठेवूनच घालतो, आणि दुसऱ्या दिवशी अमोनियाची एक नळी लावतोच.

वहीच्या मागच्या पानावर मार्चपासून मासा मेल्याची एकच नोंद आहे, जुलैची. त्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०, म्हणजे पाण्यानं मेला नव्हता. रात्री झाकण उघडं राहिलं होतं, त्यानं बाहेर उडी मारली. पोरानं तारखेपुढं तेही लिहून ठेवलंय आणि झाकणाला आता चिमटा लावलाय.